अंडं तरंगलं, मग मी काय करायला हवं होतं?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

दर वर्षी शिक्षक प्रशिक्षणाचे सराव पाठ सुरू झाले, की या सदराचं टपाल बदलतं. एरवी पालक लिहितात. या दिवसांत वर्गात पहिल्यांदा उभी राहिलेली माणसं लिहितात. पत्र पाठ झाला त्याच रात्री लिहिलंय, हे अक्षरावरूनच कळतं. या वेळी चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण त्यात अंडं आहे आणि मी आयुष्यभर विज्ञान शिकवलंय.

*

आदरणीय बाई,

मी शिक्षक प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात आठवीच्या वर्गावर माझा पहिला पाठ झाला. घटक होता घनता. टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, मी चार वेळा लिहून काढलं होतं, आरशासमोर दोनदा पाठ घेऊन पाहिला होता. वर्गात ४६ मुलं, मागच्या बाकावर मार्गदर्शक मॅडम आणि निरीक्षणाला आलेल्या माझ्या दोन मैत्रिणी.

प्रयोग साधा होता. काचेच्या एका भांड्यात साधं पाणी, दुसऱ्यात मिठाचं. साध्या पाण्यात अंडं बुडतं, मिठाच्या पाण्यात तरंगतं. मी विचारलं, ‘‘अंडं या पाण्यात सोडलं तर काय होईल?’’ कोणीच बोललं नाही, म्हणून मीच सांगितलं की बुडेल. आणि सोडलं. ते तरंगलं. साध्या पाण्यात! क्षणभर सगळे गप्प. मग मागून कोणीतरी म्हणालं, ‘‘अंडं पास, मॅडम नापास,’’ आणि जो हशा पिकला तो थांबेचना. मी ‘‘अंडं खराब आहे, असं होतं कधीकधी,’’ म्हणत ते घाईघाईने बाहेर काढलं आणि फळ्यावर व्याख्या लिहिली. पुढे मी काय शिकवलं, ते मला खरंच आठवत नाही. तास ४० मिनिटांचा. २३व्या मिनिटाला माझ्याजवळचं सगळं संपलं. उरलेला वेळ व्याख्या वहीत उतरवून घ्यायला लावली.

तास संपल्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘मॅडम, तुम्ही ६१ वेळा ‘ओके’ म्हणालात.’’ तिने वहीच्या शेवटच्या पानावर चार उभ्या आणि एक आडवी अशा रेघा मारून मोजलं होतं. दुसरीने विचारलं, ‘‘तुम्ही खऱ्या टीचर आहात का?’’ मी हसून वेळ मारून नेली आणि जिन्याखाली जाऊन रडले.

मार्गदर्शक मॅडम चांगल्या आहेत. त्यांनी ‘तयारी अधिक हवी’ एवढाच शेरा दिला. पण बाई, याहून अधिक तयारी म्हणजे काय करू? मैत्रीण म्हणते, पहिले पंधरा दिवस हसायचंच नाही, म्हणजे मुलं वचकून राहतात. वर्ग माझ्या हातातून गेला का? येत्या मंगळवारी मला त्याच वर्गावर जायचंय.

— नाव छापू नये

उत्तर :

हा अंक हातात पडेपर्यंत तुझा मंगळवार होऊन गेलेला असेल, म्हणून तुला कार्डावर एक ओळ आधीच धाडली होती : ‘अंडं परत घेऊन जा.’ ती वाचून बाईंचं वय झालं असं तुला वाटलं असेल, तर वाटू दे. आता कारण सांगते.

ताज्या अंड्याची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त असते, म्हणून ते बुडतं. पण अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. दिवस जातील तसा आतला ओलावा त्यांतून उडून जातो, त्याच्या जागी हवा शिरते आणि अंड्याच्या जाड टोकाशी असलेली हवेची पोकळी मोठी होत जाते. कवच तेवढंच राहतं, वजन मात्र घटतं. घटता घटता घनता पाण्याच्याही खाली गेली, की अंडं जाड टोक वर करून तरंगतं. आठवून बघ, तुझ्या भांड्यात जाड टोक वर होतं का?

म्हणजे वस्तुमान कमी झालं आणि आकारमान तेवढंच राहिलं. तुझा घटक काय होता? घनता! तुझ्या अंड्याने पाठ बिघडवला नाही. तू टाचणात जे लिहिलं होतंस त्याच्यापेक्षा चांगला पाठ ते घेत होतं. मिठाच्या प्रयोगात पाणी बदलतं आणि अंडं तेच राहतं. इथे पाणी तेच होतं आणि अंडं बदललं होतं. दोन्ही भांडी शेजारी ठेवली असतीस, तर घनता म्हणजे दोन गोष्टींची तुलना आहे, हे व्याख्या न सांगता कळलं असतं. आणि त्या क्षणी ४६ जणांच्या मनात एकच प्रश्न होता : असं का झालं? इतकी आयती उत्सुकता मला अख्ख्या नोकरीत पाच-सहा वेळा मिळाली असेल. तू ‘‘अंडं खराब आहे’’ म्हणून ती झाकून टाकलीस. गंमत बघ, कारण तू बरोबर सांगितलंस. फक्त ते सबब म्हणून सांगितलंस.

मग म्हणायचं काय? फार काही नाही. ‘‘मी म्हटलं बुडेल, ते बुडालं नाही. शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोला आणि मला सांगा, ताज्या अंड्यात आणि या अंड्यात काय फरक असेल?’’ या दोन मिनिटांत मुलं बोलतात आणि तुला श्वास घ्यायला सवड मिळते. तुला स्वतःला कारण माहीत नसेल, तर ‘‘मलाही शोधावं लागेल, उद्या सांगते’’ म्हणायचं आणि उद्या न विसरता सांगायचं. तेरा वर्षांच्या मुलाला बाईंना एखादी गोष्ट येत नाही याचं काही वाटत नाही. बाई लपवतात हे त्याला लगेच दिसतं, आणि ते तो विसरत नाही.

‘तयारी अधिक हवी’ या शेऱ्याबद्दल. असे शेरे मीही लिहिलेत, घंटा झालेली असते आणि चहा गार होत असतो तेव्हा. त्याचा अर्थ मी फोडून सांगते. एक, प्रयोग आदल्या संध्याकाळी करून बघायचा; तसलाच नव्हे, त्याच भांड्यात, त्याच अंड्यावर. आरशासमोर दोनदा बोललीस, पण अंडं पाण्यात एकदाही सोडलं नाहीस. दोन, टाचणाची उजवी बाजू.

तुझ्या टाचणाची झेरॉक्स पत्रासोबत होती, म्हणून हक्काने बोलते. डावीकडे ‘शिक्षक कृती’, उजवीकडे ‘विद्यार्थी कृती’. डावा रकाना गच्च भरलेला, प्रत्येक वाक्य अवतरणचिन्हांत. उजवीकडे : ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.’ ‘विद्यार्थी निरीक्षण करतात.’ ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.’ मी मोजलं (ती मुलगी आणि मी एकाच जातकुळीच्या). ‘ऐकतात’ ११ वेळा आलंय. आजवर शेकडो टाचणं तपासली असतील मी, आणि बहुतेकांत उजवा रकाना असाच, डावा लिहून झाल्यावर घाईने भरलेला. ४६ मुलं २३ मिनिटं नुसती लक्षपूर्वक ऐकत बसली, असं कुठेही घडत नाही. कागदावर मात्र रोज घडतं.

तुझा पाठ २३ मिनिटांत संपला तो यामुळेच. एकटं माणूस बोलत सुटलं, की ४० मिनिटांचं बोलणं निम्म्या वेळात संपतं; घाबरलेलं माणूस त्याहून आधी.

पुढच्या वेळी डाव्या रकान्यावर पट्टी ठेव आणि उजवा आधी लिही. लिहिताना ‘विद्यार्थी’ असं मोघम लिहू नकोस. खिडकीकडच्या रांगेत तिसऱ्या बाकावर कोण बसतं? पाचव्या मिनिटाला त्याच्या हातात काय असेल? पेन असेल तर तो काय लिहितोय? हे सांगता आलं नाही, तर त्या मिनिटाला तो काय करेल हे मी सांगते : पुढच्याच्या कॉलरमध्ये कागदाचे कपटे टाकेल.

घनतेचाच तास घे. खोडरबर, मेणाचा तुकडा, स्क्रू, प्लास्टिकचं झाकण, पेन्सिलीचा तुकडा, छोटा दगड. फळ्यावर सहा नावं लिहायची. प्रत्येकाने आपल्या वहीत बुडेल की तरंगेल ते आधी लिहायचं. बोलायचं नाही, लिहायचं. कारण बोललेलं फिरवता येतं, लिहिलेलं वहीत राहतं. मग एकेका वस्तूला हात वर करवून फळ्यावर आकडे मांडायचे आणि मगच वस्तू पाण्यात. मेणाच्या तुकड्याला वर्ग हमखास दुभंगतो. मग मोठी मेणबत्ती टाकली तर? अर्धा वर्ग म्हणतो आता बुडेल, कारण जड आहे. जड असणं आणि घनता जास्त असणं यांत मुलं इथेच गोंधळतात, आणि हा गोंधळ पाण्यात सोडवता येतो. यात पंधरा मिनिटं सहज जातात. तू बोललीस जेमतेम तीन मिनिटं. त्यानंतर अंडं काढ.

प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, संकलन, उपयोजन या पायऱ्या चुकल्या तर गुण जातील, अशी भीती तुझ्या टाचणातून डोकावते. पायऱ्या जरूर लिही, गुण हवेतच. पण ज्या हर्बार्ट या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या नावाने ही पंचपदी आपण पाठ करतो, त्याने मुळात चारच पायऱ्या सांगितल्या होत्या. पाचवी त्याच्या शिष्यपरंपरेने केली. शिष्यांना एक वाढवता आली, तर तुला एखादी मागेपुढे करता येईल.

आता ते वाक्य, जे तू पत्रात सहज लिहून गेलीस : ‘‘कोणीच बोललं नाही, म्हणून मीच सांगितलं.’’ किती वेळ थांबली होतीस? तुला वाटेल बराच. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या सुमारास वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून हे मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते, मग स्वतः बोलत होते किंवा दुसऱ्याला उठवत होते. तेच शिक्षक तीन सेकंद थांबायला लागल्यावर उत्तरं लांबली, एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागली, गप्प राहणारी कमी झाली. तीन सेकंद! लिहिताना हसू येतं, पण ते किती लांब असतात हे फळ्यासमोर उभं राहिलेल्यालाच कळतं. मी खडू टेबलावर ठेवायची, हात पुसायची आणि मग मान वर करायची. तेवढ्यात तीन सेकंद होतात आणि आपण वाट बघत ताटकळलोय असं दिसतही नाही.

‘ओके’चं मनावर घेऊ नकोस. मी ‘म्हणजेच’ म्हणायची. एका वर्गाने माझं नावच ते पाडलं होतं. त्या मुलीला सांग, पंधरा दिवसांनी पुन्हा मोज, बघू किती कमी झालेत. अख्ख्या तासात ६१ ओके मोजणाऱ्या मुलीने तुझं एकही वाक्य सोडलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं का?

माझा स्वतःचा पहिला पाठ प्रकाशाच्या परावर्तनाचा होता. फळा मी तीन रंगांत काढला होता, कोन मोजून. निरीक्षक सरांनी शेरा लिहिला : ‘फळा उत्तम. चौथ्या बाकामागे काय चाललं होतं?’ मी आठवायचा प्रयत्न केला. मला चौथा बाकच आठवेना. पूर्ण तास मी माझी साडी, माझा आवाज, माझं अक्षर आणि सरांचं पेन यांच्याकडे बघत होते. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये कुमारवयातल्या मुलांबद्दल एक गोष्ट मांडली : या वयात मुलांना सतत वाटतं की सगळे आपल्याकडेच बघतायत. त्याने याला काल्पनिक प्रेक्षक म्हटलं. पिंपल आला, आवाज फाटला, केस नीट कापले गेले नाहीत, तर सगळ्या जगाला दिसलंच असणार. तुझ्या वर्गात त्या दिवशी अशी ४६ मुलं होती आणि सत्तेचाळिसावी तू. म्हणूनच तू प्रश्न विचारल्यावर कोणी बोललं नाही. उत्तर येत नव्हतं म्हणून नव्हे. चुकलं तर ४५ जण बघतील म्हणून. आधी वहीत लिहायला लाव म्हणते ते यासाठीही. वहीतलं उत्तर चुकलं तर ते बघणारं एकच माणूस असतं.

‘खऱ्या टीचर आहात का’ हा टोमणा नव्हे, चौकशी आहे. सरळ सांग : ‘‘शिकतेय अजून. म्हणून तर मॅडम मागे बसतात.’’ मुलांना हे आवडतं. त्यांच्याही मागे सतत कोणीतरी बसलेलं असतं.

आणि न हसण्याचा सल्ला. तुझं शाळेतलं सगळं वास्तव्य काही आठवड्यांचं, त्यातले पंधरा दिवस कपाळाला आठ्या घालून काढायचे? मुलं तोंडाकडे बघून काही ठरवत नाहीत. तू म्हटलेलं होतं की नाही, एवढं ती तपासतात. ‘‘वह्या उद्या बघते’’ म्हणालीस आणि उद्या बघितल्या नाहीस, तर मग कितीही गंभीर राहा. अंडं तरंगल्यावर तू हसली असतीस ना, तर मला वाटतं, निम्मा गलका तिथेच ओसरला असता. बाईच हसल्या की हसण्यातली मजा जाते.

वर्ग हातातून गेलेला नाही. तो अजून हातात आलाच नव्हता. बाकांचा नकाशा काढ, त्यावर नावं लिही, रोज सहा नावं पाठ कर. जिन्याखालची जागा चांगली आहे. मला प्रयोगशाळेच्या मागची खोली होती, तिथे गंधकाचा वास यायचा.

*

बाई,

मी वयाच्या ३८व्या वर्षी ऑफिसातली नोकरी सोडून शिक्षक व्हायला निघालोय. सध्या सातवीच्या वर्गावर आहे. त्यांचे नेहमीचे सर मागे बसले की वर्ग चिडीचूप. ते उठून बाहेर गेले, की दोन मिनिटांत बाजार भरतो. मी आवाज चढवतो, मुलंही चढवतात. चौथ्या दिवशी घसा पार बसला. ‘शांत बसा’ हे मी दिवसातून शंभरदा म्हणत असेन. माझ्या हाताखाली बारा माणसं काम करत होती, आणि बारा वर्षांची पोरं मला जुमानत नाहीत.

— एक उशिरा आलेला

उत्तर :

तुमच्या हाताखालच्या बारा माणसांना पगार मिळत होता. हा फरक मोठा आहे.

आधी घसा. भोवती गोंगाट असला की माणसाचा आवाज आपोआप चढतो, त्याला कळतही नाही. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये हे नोंदवलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. तुमच्या वर्गात हे दोन्ही बाजूंनी चालू आहे : तुम्ही त्यांच्यावर चढता, ती तुमच्यावर. यात ४० जणांच्या विरुद्ध एक गळा कधीच जिंकत नाही. तेव्हा गोंगाटावरून बोलायचं नाही, एवढा एकच नियम स्वतःला लावून घ्या. वाक्याच्या मध्येच थांबा. अगदी ‘‘आणि या नदीच्या’’ म्हणून थांबा. कुतूहलाने तरी दोघं-तिघं वर बघतात. पाण्याची बाटली टेबलावर असू द्या. तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा; शिक्षकाचा गळा हे त्याचं हत्यार आहे, ते गंजू देऊ नये.

‘शांत बसा’ हे कोणालाच उद्देशून नसतं, म्हणून कोणीच ऐकत नाही. शिवाय त्यात करायला काही नाही. ‘‘वही उघडा, तारीख घाला, पान ३४ वरचं चित्र बघून तीन गोष्टी लिहा’’ यात करायला आहे. हे तुम्ही वर्गात शिरण्याआधीच फळ्यावर लिहिलेलं असेल, तर आणखी बरं. पहिली दोन मिनिटं मोकळी सोडली, की ती मुलांची होतात आणि परत मिळत नाहीत.

जेकब कूनिन नावाच्या अभ्यासकाने वर्गांची चित्रीकरणं तपासून १९७० मध्ये निष्कर्ष मांडले. दंगा झाल्यावर शिक्षक कसा रागावतो, यावरून वर्ग नीट चालणार की नाही हे सांगता येत नव्हतं. चांगल्या आणि वाईट वर्गांतलं रागावणं सारखंच होतं. फरक आधीच्या वागण्यात होता. चांगल्या वर्गातल्या शिक्षकाला कुठे काय शिजतंय याची खबर असायची, आणि ती असल्याचं मुलांनाही ठाऊक असायचं. तुम्ही फळ्याजवळ खिळलेले असाल तर ही खबर मिळत नाही. फिरा. फळ्यावर लिहिताना पाठ पूर्ण वळवू नका, तिरपे उभे राहा. पहिल्या दिवशी अक्षर खाली उतरत जाईल, जाऊ द्या. बोलत असतानाच कुजबुज चाललेल्या बाकावर नुसता हात ठेवा, बोलणं न थांबवता. मुलं याला दचकतात, कारण यात वाद घालायला जागाच नाही.

सर बसलेले असताना जी शांतता असते ती सरांची आहे, तुम्ही ती वापरताय. वापरावी, पण तिच्यावर विसंबू नये. सरांना विनंती करा : आज पाच मिनिटं बाहेर जा, उद्या दहा, आणि परत आल्यावर वर्गाला रागावू नका. हे शेवटचं कठीण जातं. परत आल्यावर ‘‘काय चाललंय?’’ म्हणून गरजणं हा आम्हा जुन्या शिक्षकांचा आवडता छंद आहे, आणि त्याने नव्या माणसाची दहा मिनिटांची कमाई एका दमात जाते.

*

बाई, नववीतला एक मुलगा माझ्या पहिल्या तासाला रोज डोकं बाकावर टेकून झोपतो. माझ्या शिकवण्याचा हा अपमान मी कसा घ्यायचा?

— छात्राध्यापक

उत्तर :

घेऊच नका, तो तुमच्यासाठी नाही. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, पण शाळेची घंटा काही पुढे सरकत नाही. त्यात मोबाईलची भर पडते, ते वेगळं. झोपलेल्याला अचानक प्रश्न विचारून वर्गाला हसवू नका. तुम्हाला एक हशा मिळेल आणि वर्षभराचा एक शत्रू. जवळ जाऊन हळूच उठवा आणि उभ्याने करायचं काम द्या : वह्या वाटणं, नकाशा धरणं. तरीही रोज तेच चाललं, तर वर्गशिक्षकांना एकट्यात विचारा. मी ज्याच्यावर महिनाभर चिडले होते, तो मुलगा रात्री आजारी आईजवळ जागत होता. मी विचारलं नव्हतं, आणि त्याने सांगितलं नव्हतं.

*

बाई, शेवटच्या दिवशी मुलं फोन नंबर मागतात, इन्स्टावर शोधतात. नाही म्हटलं तर वाईट वाटतं. काय करू?

— छात्राध्यापिका

उत्तर :

नंबर द्यायचा नाही, विनंती स्वीकारायची नाही. ‘‘शाळेचा नियम आहे’’ म्हण आणि नियम काय आहे ते आधी मुख्याध्यापकांना विचारून घे, म्हणजे खोटं बोलावं लागणार नाही. फारच मागे लागली, तर सांग, पत्र लिहा आणि मार्गदर्शक मॅडमकडे द्या, त्या पोचवतील. बहुतेक कोणी लिहीत नाही. एखादी लिहिते, तेही चार महिन्यांनी, आणि त्यात ‘तुमची खूप आठवण येते’ मध्ये दोन चुका असतात. त्या लाल पेनने दुरुस्त करून परत पाठवू नकोस. मी एकदा पाठवलं होतं.